हैद्राबादेहून तसाच माघारी

मु. पो. वडीगोद्री, ता. अंबड
श्रावण शुद्ध द्वितीया

तीर्थस्वरूप अक्काला,

ज्याला तू सध्या भाऊ म्हणत न्हाईस, त्या धर्मराजचा लांबूनच साष्टांग नमस्कार. (लांबून ह्यासाठी की जवळून घातला असता तर पाठीत धपाटा बसला असता, आणि बसायलाच पाहिजे होता.) गुडघे कसे हायत? सुमित म्हणला की डावा जरा बरा हाय आणि उजवा तुझ्यासारखाच रुसलाय. दाजींचा खोकला थांबला का? इकडं आम्ही खुशाल. म्हणजे वंदना खुशाल हाय, म्हैस खुशाल हाय, आणि मला घरात कोणी विचारून न्हाई राह्यलं. पत्र घेऊन आलेल्या माणसाला दारात उभं करू नको, आधी पाणी दे. त्याचा यात काही गुन्हा न्हाई.

फोन तू उचलत न्हाईस म्हणून हे पत्र. दहा दिवसांत एकवीस वेळा लावला. बाविसाव्या वेळी सुमितनं उचलला आणि म्हणला, मामा, आई म्हणती मला भाऊ न्हाई. मी म्हणलो, तिला विचार, मंग लहानपणी चिंचेच्या झाडावरून ढकललं ते कोणाला? तर मागून तुझा आवाज आला, "त्याला म्हणावं, तवाच नीट ढकलायला पाहिजे होतं." अक्का, खरं सांगतो, तेवढा आवाज ऐकून बी मला बरं वाटलं.

गुन्हा कबूल हाय. मी हैद्राबादेला आलो, तू दुखरे गुडघे घेऊन सकाळपासून उभी राहून पुरण वाटलंस, सुमितला गाडी देऊन विमानतळावर पाठवलंस, आणि मी तुझ्या दारात पाय न ठेवता आल्या विमानानं माघारी गेलो. ते बी आखाड संपत आलेला, पंचमी तोंडावर, म्हणजे भावानं मुराळी होऊन बहिणीला माहेरी न्यायचे दिवस. सहा वर्षं झाली, तू पंचमीला आली न्हाईस. बारा तासांची बस तुझ्या गुडघ्यांना सोसत न्हाई, आणि मुराळी आल्याशिवाय निघायचं न्हाई हा तुझा हट्ट मोडत न्हाई. आता सव्वा तासाचं विमान झालं, आणि त्याच विमानातून भाऊ येतो आणि तोंड न दाखवता जातो! माझ्याशी कोणी असं वागलं असतं तर मी बी त्याचं नाव टाकलं असतं. पण झालं कसं ते पहिल्यापासून ऐक, मंग काय ते बोल.

अर्पिता विमानात कामाला हाय हे तुला माहीत हाय. पण तिच्या कंपनीचं दुखणं तुला माहीत न्हाई. चार वर्षं विमानं ह्यांची, पायलट ह्यांचे, पोरी ह्यांच्या, आणि विमानाच्या पोटावर नाव मात्र दुसऱ्या मोठ्या कंपनीचं. तिकिटं त्यांची, प्रवासी त्यांचे, अंगावरची साडी बी त्यांच्या रंगाची. आता हे तुला मी कशाला समजावून सांगू! मी न्हाई का अंबडच्या शेटची जीप अकरा वर्षं चालवली? धुवायचो मी, पंक्चर काढायचो मी, घाटात ढकलायचो मी, आणि काचेवर नाव शेटच्या पोराचं. (ते पोरगं जीपला हात बी लावत नव्हतं, त्याला उलटी व्हायची.) तर यंदा आखाडात अर्पिताच्या कंपनीनं ठरवलं की बस झालं. जुनं नाव पुसून आपलं लिहिलं, गोदा एअर, आणि पहिली सेवा धरली संभाजीनगर ते हैद्राबाद. पोरीनं आनंदानं फोन केला. सगळं सांगून झाल्यावर आवाज बारीक करून म्हणली, बाबा, बुकिंग लई कमी हाय. सहा महिने बघणार, न्हाई चाललं तर हा मार्ग बंद, आणि मंग आम्हाला कामावर ठेवतील का घरी बसवतील काय माहीत.

नवीन प्रवासी सेवा चालू करणाऱ्याचं दुखणं तुला आणि मला जेवढं माहीत हाय तेवढं विमान कंपनीच्या मालकाला बी माहीत नसंल. बावीस वर्षांमागं मी शेटला राम राम करून त्याचीच ती जुनी जीप विकत घेतली, आणि पहिल्या दिवशी फाट्यावर उभा राह्यलो, आठवतं ना? जीपवाल्यांत प्रवाशाला शीट म्हणतात, आणि ह्या धंद्याचा एकच नियम हाय: रिकाम्या जीपमधी कोणी चढत न्हाई. माणूस वाकून आत बघतो, म्हणतो ही कवा भरायची, आणि मागच्या भरलेल्या जीपला लटकून जातो. सकाळपासून "अंबड, अंबड" करून माझा घसा बसल्ता. तू पंचमीला आल्ती, दोन वर्षांचा सुमित कडेवर. माझी भाकर घेऊन फाट्यावर आलीस, माझ्या तोंडाकडं बघितलंस, जीपकडं बघितलंस, आणि भाकर माझ्या हातात देऊन मधल्या बाकावर जाऊन बसलीस. पदर सारखा केला आणि म्हणलीस, "मी शीट हाय. तू ओरड."

दहा मिनिटांत जीप भरली. अंबडला सगळे उतरले, तू उतरली न्हाईस. तिथून परत भरून आलो, तरी तू बसलेलीच. अशा सात खेपा, अक्का! सुमितनं दोनदा उलटी केली, त्यातली एक तीर्थपुरीच्या एका व्यापाऱ्याच्या धोतरावर. (ते मंग कायमचे माझ्याच जीपनं येऊ लागले. म्हणायचे, ह्या गाडीशी आता आपलं नातं झालं.) त्या जीपवर घर चाललं, त्या जीपवर अर्पिता शिकली. म्हणून पोरीचा फोन ठेवला आणि मी ठरवलं, आपण जाऊन बसायचं. काम असो नसो, बसायचं. घरच्या माणसांसाठी तिला तिकिटं मिळतात, जागा मोकळी असली की चढा. वंदना म्हणली, जमिनीवर तुमच्या गाडीत बसून माझं मन भरलंय, वरती न्हाई यायचं. मंग मुनीरला घेतलं. बावीस वर्षं तो माझ्या जीपच्या खाली पडून दुरुस्ती करून राह्यला, म्हणलं एकदा त्याला बी वर घेऊन जाऊ.

पहिला घोळ विमानतळाच्या दारातच झाला. बाहेर लई माणसं दिसली, आणि सवयीनं माझ्या तोंडून हाळी गेली, "हैद्राबाद, हैद्राबाद! चला जल्दी, बसायला जागा हाय!" गेवराईकडचे एक गृहस्थ मेव्हण्याला मुंबईच्या विमानात बसवून द्यायला आल्ते. ते बिचारे खरंच माझ्या मागं निघाले. मेव्हण्याला म्हणले, तू जा, मी हैद्राबाद बघून येतो. तेवढ्यात बंदूकवाला जवान आला. त्यानं मला बाजूला घेतलं, कागद बघितले, विचारलं की तुम्ही कंपनीचे कोण. मी म्हणलो, मुलीचा बाप. तो त्याच्या हिंदीत विचारून राह्यला, मी आपल्या हिंदीत सांगून राह्यलो, आणि मुनीर मधे पडून दोघांना बी तिसरंच काही सांगत होता. शेवटी जवान हसला आणि म्हणला, आत जा, पण ओरडू नका.

विमान छोटं हाय, दोन पंख्यांचं. पोटावर हिरव्या अक्षरांत नवं नाव, रंग इतका ताजा की वाटलं हात लावला तर बोटाला लागंल. नीट बघितलं तर खालून जुन्या कंपनीचं नाव अजून पुसट दिसत होतं. आपल्या जीपच्या काचेवर बी पाऊस पडला की शेटच्या पोराचं नाव उमटायचं. मी मुनीरला ते दाखवलं, तो म्हणला, दोन साल में चला जाता.

आत बहात्तर जागा, आणि माणसं आम्हाला धरून चौतीस. मला ते बघवेना. मी उठलो आणि सगळ्यांना हात जोडून सांगितलं, बाबांनो, जरा खिडक्यांकडं सरका, बाहेरून विमान भरलेलं दिसलं पाहिजे. लोक भले, पाच-सहा जण सरकले बी. मंग आपली अर्पिता आली. हिरवी साडी, केस बांधलेले, आणि मला बाबा म्हणली न्हाई. म्हणली, सर, कृपया आपापल्या जागेवर बसा, विमानाचा तोल बघून जागा दिलेल्या हायत. तोल म्हणल्यावर मला लगेच समजलं, जीपच्या मागं चार शीट लटकले की पुढचं चाक कसं हलकं होतं ते मला ठाऊक हाय. मी स्वतः फिरून सगळ्यांना आपापल्या आकड्यावर बसवलं. पुढं तिनं दार लावायला घेतलं, तवा मात्र राहवलं न्हाई. म्हणलो, पोरी, दहा मिनिटं थांब, बाहेर कोणी पळत येत असंल. ती पुन्हा म्हणली, सर. मुनीरनं माझा शर्ट ओढला. "धर्मा, चुप बैठ. मालकीन वो है, अपन शीट हैं."

मंग तिनं माईक घेतला आणि मराठीत म्हणली, गोदा एअरच्या पहिल्या प्रवासात आपलं मनापासून स्वागत. अक्का, तिचा आवाज बिलकुल तुझा हाय. तोच, "तू ओरड" म्हणणारा. मला रडू फुटलं ते थांबेचना. पाणी द्यायला आली तवा वाकून कानाशी म्हणली, "बाबा, गप्प व्हा ना, लोकांना वाटंल विमानात बिघाड झाला."

आता मुद्द्याचं. विमान हैद्राबादेला उतरलं आणि लगेच फिरलं. जीपसारखंच असतं ते, इकडून आणलं की तिकडून न्यायचं. मी पट्टा सोडून उठायच्या आत परतीची माणसं चढली, दार लागलं, आणि मी आतच अडकलो. मुनीर चपळ, तो पिशवी घेऊन उतरला, म्हणून कुरडया आणि लोणचं तुझ्यापर्यंत पोचलं. तो सांगून राह्यला की तू दार उघडलंस आणि त्याच्या मागं जिन्याकडं लई वेळ बघत राह्यलीस. मंग त्याला आत घेतलं, चार पोळ्या वाढल्या, तुपाची धार धरली, आणि लाटणं हातात धरून समोर उभी राह्यलीस. म्हणतो, इतकी गोड पोळी इतक्या भेदरून मी जन्मात खाल्ली न्हाई. तर अक्का, हे सगळं असं झालं. दोष विमानाचा हाय, माझा न्हाई. राग सोड.

दाजींना नमस्कार सांग, आणि सुमितला सांग की त्याला ताटकळत ठेवलं त्याबद्दल मामा त्याच्या लग्नात नाचून भरपाई करील.

तुझा, तू न्हाई म्हणलीस तरी तुझाच,
धर्मा

ता. क. वंदनानं पत्र वाचलं आणि म्हणली, अक्काला असं खोटं लिहवतं तरी कसं तुम्हाला. म्हणून खरं लिहितो. विमान लगेच फिरलं न्हाई. तिथं हार-नारळाचा कार्यक्रम होता, दीड तास थांबलं. मी सगळ्यांच्या मागून उतरत होतो, तवा दारात अर्पिताला सोबतिणीनं विचारलं, परतीला किती? अर्पिता म्हणली, अकरा. आणि हसली. ते हसू मला माहीत हाय अक्का, फाट्यावर मी तेच हसायचो. बहात्तर जागांत अकरा माणसं घेऊन माझी पोर पहिल्या दिवशी माघारी येणार होती. विमानतळाच्या बाहेरच्या दारापर्यंत गेलो, तर काचेतून मला सुमित दिसला, पाण्याची बाटली घेऊन उभा. मी मान खाली घातली, पिशवी मुनीरच्या हातात दिली, परतीचं तिकीट त्याच विमानाचं करून घेतलं, आणि बारावा होऊन बसलो.

आणखी एक ता. क. त्या जीपच्या दिवशी संध्याकाळी जालन्याहून तुझी हैद्राबादची बस होती. सात खेपांत ती गेली. सासरी तू सांगितलंस की सुमितला ताप आल्ता, आणि तरी सासूनं पुढं दोन वर्षं तुला माहेरी पाठवलं न्हाई. हे मला दाजींनी गेल्या वर्षी सांगितलं. तू बावीस वर्षांत एकदा बी बोलली न्हाईस. म्हणून वाटलं, दुसरं कोणी समजो न समजो, माझी अक्का समजंल. न्हाई समजलीस तरी तुझा हक्क हाय. मला तुझी लई आठवण येते.

शेवटचं ता. क. पत्र टपालानं आलेलं न्हाई हे तुला दिसलंच हाय. जी घेऊन आली ती आता तुझ्या स्वयंपाकघरात हिरव्या साडीत उभी असंल आणि डबे उघडून बघत असंल. यंदा तुझा मुराळी तीच. मुराळी बाप्या माणूसच पाहिजे असं कोणी ठरवलेलं न्हाई. तिचं विमान संध्याकाळी निघतं, तवर लुगडी पिशवीत भर. विमानापर्यंत चाकाची खुर्ची मिळते, पुढं पाच पायऱ्या हायत, तिथं ती धरील. खिडकीची जागा ती रुमाल टाकून ठेवील. (तसं चालत न्हाई म्हणती, पण मी सांगितलंय म्हणून टाकील.) परतीला अजून बी निम्मं विमान रिकामं असतं. तू बसलीस की भरायला लागतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं हाय.

मुनीरनं जुनी जीप चालू करून दिलीय. मी ती घेऊन चिकलठाण्याला विमानतळाच्या दारासमोर उभा राहीन. एकच शीट कमी हाय, अक्का. ते आल्याशिवाय मी गाडी हलवणार न्हाई.