तिसरा भोंगा

बंदर, ता. ३

तीर्थरूप वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही बंदरावर सुखरूप पोचलो, पण बोट गेली. आता पुढची दहा तारखेला. आठवड्यातून एकदाच जाते, बेटावर सामान उतरवते आणि त्याच पावली परत येते. हे बेट बघायला बावीस वर्षं वाट पाहिली आणि बोट चार मिनिटांनी हुकली! इथल्या घड्याळांचा काही मेळच नाही. तिकीटबाबू सांगतो एक, होतं भलतंच.

खोली स्वस्तात मिळाली. खिडकी आहे, पण ती कोळशाच्या वखारीकडे उघडते. घरून आणलेला स्टोव्ह काल पेटेना, आज विझेना. तुमचे बंधू बोलत नाहीत. कॅलेंडरातून कापलेलं ते बेटाचं चित्र उशाशी घेऊन पडून आहेत.

आईंना पहाटे पाठीला उशी लागते, विसरू नका. लोभ आहेच, रागाच्या भरात तो काढून घेऊ नका.

तुमची भावजय

घर, ता. ६

चि. सौ. चार मिनिटांच्या हिशेबनीसबाईंस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं, पटलं मात्र नाही. माझा भाऊ कारखान्यात टाइमकीपर. एकतीस वर्षं लोकांच्या नावापुढे उशिराचे शेरे मारत आला. स्वतःच्या लग्नाला पाहुण्यांच्या आधी येऊन बसला होता. त्याची बोट चुकते? घड्याळांच्या माथी मारू नकोस, खरं काय ते लिही.

इकडे आईने मला जीव नकोसा केलाय. तुझ्या चहाला आजवर नावं ठेवली, आता तोच अमृत झाला आणि माझा पाणचट. माझी रजा तेराला संपते. चौदाला शाळेत हजर झाले नाही तर मुख्याध्यापक खाऊ की गिळू करतील. तेव्हा दहाच्या बोटीने जा, डोळे भरून बघा आणि त्याच बोटीने परत या. पण बेट न बघता आलात तर दोघांनाही दार उघडणार नाही, सांगून ठेवते.

वेंधळेपणा कमी कर, माया आहे तशीच आहे.

तुझी नणंद

बंदर, ता. ८

तीर्थरूप वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्यापासून काही लपत नाही. बोट मी चुकवली. हातात जपाची माळ होती. बोट तिसऱ्या भोंग्याला सुटते. पहिल्याला माळ निम्मी झाली होती. दुसऱ्याला हे दारात येऊन उभे राहिले. तिसऱ्याला अकरा मणी उरले होते. घेतलेली माळ मी अर्धी सोडत नाही, आईंच्या आजारपणातही सोडली नव्हती. धावत गेलो तेव्हा बोट धक्क्यापासून दोन हात लांब होती. यांनी तिकिटं घडी करून खिशात ठेवली, घड्याळ पाहिलं आणि नऊ वाजून चार मिनिटं झाली एवढंच म्हणाले. त्यानंतर अक्षर नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

पाच दिवस झाले, माळेला हात लावायचा धीर होत नाही. देवावरही जरा रुसलेच आहे. अकरा मण्यांपुरती बोट थांबवायला त्याला काय जड होतं?

पोटात घ्या, आईंना सांगू नका.

तुमची भावजय

बेट, ता. १०

तीर्थरूप वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

धक्क्यावर बसून गुडघ्यावर लिहिते आहे, अक्षर लावून घ्या. पोचलो एकदाचे, पण कपाळ माझं! नुसतं धुकं. चित्रातलं निळं पाणी नाही, पांढरे कडे नाहीत. खलाशी म्हणतो, दुपारनंतर फाटेल. आणि बोट निघणार आज सकाळी अकरा वाजता.

हे टेकडीवर गेलेत. जाताना घड्याळ काढून माझ्याकडे दिलं. म्हणाले, पट्टा सैल झालाय, पडेल. सात दिवसांत बोललेलं हे पहिलं वाक्य. पट्टा पाहिला मी. चांगला घट्ट आहे.

पहिला भोंगा झाला. धुकं विरळ होतं तेव्हा वरच्या दगडावर बसलेले दिसतात. दुसराही झाला. उभा जन्म भोंग्यावर उठलेला माणूस, जागचा हलला नाही.

मी हाक मारली तर येतील. मुकाट्याने येतील आणि जन्मभर मुके राहतील. इथे धक्क्याजवळ एक बाई खोली भाड्याने देते, ती आठवडाभर रिकामी आहे, ते मघाशी विचारून घेतलं. पुढची बोट सतराला. तुमची शाळा बुडेल, बोलणी तुम्ही खाल, सगळं माझ्यापायी. तुमच्या पुढच्या सुट्टीत मी तुमच्या घरी येऊन राबेन, तुम्ही नुसतं बसून राहा.

पत्र खलाशाच्या हाती देते. तिसरा भोंगा अजून व्हायचा आहे. पिशवीतून माळ काढली आहे. एकदा घेतली की मी अर्ध्यात उठत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

राग येणारच, तो ओसरला की लोभ पूर्ववत करावा.

तुमची भावजय