डिकीतली जागा

॥ श्री बाहुबली प्रसन्न ॥

कोल्हापूर,
रविवार, २१ नोव्हेंबर १९९९

ती. आक्का,

धाकट्या पारिसाचा नमस्कार. इकडं आम्ही तिघंही बरे आहोत. तुझा खोकला कमी झाला का? बयाबाई कामाला वेळेवर येते का, की अजून तिच्या मनात आलं तर आली, असंच चाललंय? थंडी पडायला लागलीय, पहाटे उठून मशीनवर बसू नकोस. एक ब्लाऊज उशिरा मिळालं म्हणून कुरुंदवाडात कुणाचं काही अडत नाही.

मुख्य बातमी म्हणजे आपल्या आदितीचं जमलं. पावणे निपाणीचे आहेत. मुलगा जिनेश, बी.कॉम. झालेला, वडलांच्या तंबाखूच्या वखारीत बसतो. बोलायला मोकळा आहे, पोरीलाही पसंत आहे. दोन ठिकाणी फिसकटल्यावर आता हे जमलं, त्यामुळं आदितीची आई रोज देवळात जाऊन येते. साखरपुडा ५ डिसेंबरला, घरीच. मोजकी माणसं. आमच्या हॉलात किती माणसं मावतात ते तुला माहीत आहे.

आता गाडीचं सांगतो. भाऊबीजेला आलो तेव्हा घाईत होतो, तुला नीट दाखवता आलं नाही. आपली फियाट आता दोन्हीवर चालते, पेट्रोलवर पण आणि गॅसवर पण. स्टेअरिंगच्या खाली एक बटण बसवलंय. वर केलं की पेट्रोल, खाली केलं की गॅस. उद्यमनगरात पिराजी म्हणून मेस्त्री आहे, त्यानं बसवून दिलं. रोज कागलच्या एमआयडीसीत जाऊन येऊन पेट्रोलनं माझा खिसा फाटत होता. सकाळी गार इंजिन पेट्रोलवर चालू करायचं आणि शाहू नाका ओलांडला की बटण खाली. चढाला थोडी कण्हते, बाकी काही फरक नाही. कारखान्यात पोरं चेष्टा करतात, म्हणतात, अण्णा, जाता जाता गाडीत चहा ठेवत जावा. आदितीची आई म्हणते, माझ्या शर्टाला स्वैपाकघराचा वास येतो. घरचाच सिलिंडर आहे, तेव्हा चारचौघांत बोलू नकोस.

एवढंच की डिकी गेली. सिलिंडर आडवा टाकून पट्टीनं आवळलाय, त्यामुळं तुझी चाकाची खुर्ची घडी करूनही आत बसत नाही. म्हणून भाऊबीजेनंतर नेहमीसारखं तुला इकडं आणता आलं नाही. साखरपुड्यालाही तीच अडचण आहे. एसटीत चढवायचं उतरवायचं म्हणजे तुझेच हाल. तू समजून घेशीलच. लग्नाला काहीतरी बघू. फोटो नक्की पाठवतो.

आदितीची कापडं आणि माप आकारामबरोबर पाठवतोय. तो आमच्याच खात्यात आहे, उद्यापासून आठवडाभर रजेवर कुरुंदवाडला घरी येतोय. ब्लाऊज त्याच्याकडंच दे.

काळजी घे.

तुझा धाकटा,
पारिसा

ता.क. निपाणीकडनं कुणी तिकडं चौकशीला आलंच, तर फार बोलत बसू नकोस. लोक कशाचं काय करतील सांगता येत नाही.

*

॥ श्री ॥

कुरुंदवाड,
२७-११-९९

चि. पारिसास आक्काचा आशीर्वाद.

पत्र आन कापडं पोचली. आदितीचं ठरलं, लय बरं वाटलं. बयाबाईच्या हातावर साखर ठेवली. ती म्हणाली, आता आत्याबाईला नवं लुगडं येणार. मी म्हटलं, येतंय की.

पाच ब्लाऊजं शिवून दिली हायती. साखरपुड्याला अंजिरी घालायला सांग, त्याच्या बाह्यांना मी हातानं नक्षी घातलीया. शिवणीत कापड जादा सोडलंय. लग्नानंतर पोरींचं अंग भरतं, तवा उसवून घेता येईल. खोकला बरा हाय. बयाबाई येती तशीच येती.

गाडीचं वाचलं. दोनदा वाचलं. मला त्या यंत्रातलं काय कळत न्हाय, पण आमच्या बी घरात गॅस हाय. सिलिंडर संपला की बदलावा लागतोय. तुझा बी संपत असंल, तवा तू तो काढत असशील न्हवं? आन काढला की डिकी रिकामी, आन बटण वर केलं की गाडी पेट्रोलवर चालती. तूच लिवलंयस. माझ्याआधी हे बयाबाईनं विचारलं. मी तिला म्हटलं, तुला काय कळतंय, पटापटा केर काढ.

येऊ नको म्हणत असशील तर येणार न्हाय. मला काय राग न्हाय, असं लिवणार हुते, पण राग हाय. येऊ नको म्हण. डिकीचं नाव सांगू नको. चौथीपतोर मला थोरलीला पाठीवर घेऊन शाळंत गेलास, पोरं लंगडीचा घोडा म्हणायची, तू दगडं मारायचास. तवा कुठली गाडी आन कुठली डिकी?

निपाणीचं अजून कोण आलं न्हाय. आलं तर काय सांगायचं ते नीट लिवून कळव. फार बोलणार न्हाय. मी तुझी कोण लागते तेवढं लिव, म्हंजे माझ्या तोंडातनं दुसरं काय जायचं न्हाय.

आदितीला माझा गोड पापा. भावजयीला आशीर्वाद.

आक्काताई

*

कोल्हापूर,
रविवार, १२ डिसेंबर १९९९

ती. आक्का,

तुझं पत्र आकारामनं सोमवारीच दिलं होतं. साखरपुड्याला अजून चांगले सहा दिवस होते. उत्तर लिहिता आलं असतं, तुला आणताही आलं असतं. मी काहीच केलं नाही. पत्र कपाटात ठेवलं आणि आचाऱ्याला फोन लावला.

आता सरळ लिहितो. मध्येच थांबलो तर परत जमणार नाही.

दिवाळीच्या आधी निपाणीचे लोक आदितीला बघायला आले. जिनेशचे वडील, त्यांना सगळे तात्या म्हणतात, त्यांनी बोलता बोलता विचारलं, तुम्ही भावंडं किती? मी म्हणालो, एकटाच. विचार करून नाही बोललो, पटकन तोंडातून गेलं. आदितीची आई पोह्यांच्या बशा घेऊन आली होती. तिनं ऐकलं. बशा ठेवल्या आणि आत गेली. मला वाटलं, तात्या पुढं काहीतरी विचारतील, मग सावरून घेईन. ते शेतीकडं वळले आणि मी पण वळलो.

तुला दोन ठिकाणी फिसकटलं असं लिहिलं होतं. कशावरनं ते लिहिलं नव्हतं. इचलकरंजीच्या लोकांनी मध्यस्थाला विचारलं होतं, मुलीच्या आत्याचे पाय तसे आहेत, ते घराण्यात आहे का? दुसऱ्यांनी विचारलंही नाही, नुसता निरोप आला. पोलिओ घराण्यात नसतो हे मला कळतं, त्यांनाही कळत असेल. पण पोरगी चोवीस वर्षांची झाली आणि मी घाबरलो. हे कारण सांगतोय, सबब म्हणून नाही. सबब म्हणून सांगायला मला तोंड राहिलेलं नाही.

त्याच आठवड्यात गाडी पिराजीकडं टाकली. गॅस बसवायचं उन्हाळ्यापासून डोक्यात होतं, ते खोटं नाही. पण तो म्हणाला, अण्णा, डिकीतनं काही मोठं न्यावं लागत असलं तर सांगा, वर कॅरिअर टाकून देतो. मी म्हणालो, काही नाही न्यायचं. आक्का, सहा वर्षं त्या डिकीत तुझ्या खुर्चीशिवाय दुसरं मोठं काही गेलेलं नाही. खुर्चीच्या चाकांचे काळे पट्टे होते आत, पिराजीनं ते कापडानं पुसले. आणि खरं सांगतो, गाडी घेऊन बाहेर पडलो तेव्हा मला हलकं वाटलं. आता तुला काही सांगायला लागणार नाही, डिकीच सांगेल, असं वाटलं. तुझ्यासमोर डिकी उघडून दाखवली नाही ती घाई म्हणून नाही. तू बघितलं असतंस तर दोन नट दिसले असते. मी दर पंधरा दिवसांनी पान्ह्यानं ते सोडतो, सिलिंडर खांद्यावर टाकून घरात आणतो. दहा मिनिटांचं काम आहे.

साखरपुडा झाला. चांगला झाला, असं सगळे म्हणाले. आदितीनं अंजिरी ब्लाऊज घातलं होतं. जिनेशच्या काकूनं तिचा हात धरून बाहीवरची नक्षी बघितली आणि विचारलं, कुणी शिवलं गं? काय हात आहे. आदितीनं माझ्याकडं बघितलं. आदल्या दिवशी मी तिला बसवून सांगितलं होतं, आत्याचा विषय लग्न होईपर्यंत काढायचा नाही, तुझ्याच भल्यासाठी सांगतोय. ती म्हणाली, कुरुंदवाडच्या एक बाई आहेत.

काकू म्हणाली, पत्ता दे, मी पण शिवून घेते. सगळे हसले. मी पण हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघालो, तर ही पोरगी दारात उभी. म्हणाली, अप्पा, मी आत्याला बाई म्हणाले. एवढंच म्हणाली. रडली असती तर मी समजूत काढली असती. तिला तू न्हाऊमाखू घातलंस, दोन महिने तुझ्याच मांडीवर ती झोपली, तिची आई टायफॉइडनं अंथरुणावर होती तेव्हा. माझं खोटं मी एकट्यानं बोललो असतो तर एक वेळ निभावलं असतं. ते मी लेकीच्या तोंडात घातलं.

बुधवारी अर्धी रजा टाकली. सिलिंडर काढून स्वैपाकघरात ठेवला, बटण वर केलं आणि एकटाच निपाणीला गेलो. तात्या वखारीत होते. गादीवर बसलो आणि म्हणालो, मला एक थोरली बहीण आहे. आक्काताई तिचं नाव. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला, ती चालत नाही. कुरुंदवाडात आमच्या घरात राहते, शिवणकाम करून स्वतःचं स्वतः बघते. आदितीच्या अंगावरचं ब्लाऊज तिनं शिवलं होतं. मी तुमच्याशी खोटं बोललो.

त्यांनी हातातली हिशोबाची वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, बहिणीचं काही नाही हो, पण उद्या तुम्ही आणखी काय काय लपवलंत म्हणून आम्ही कुणाला विचारायचं? साखरपुड्याच्या दिवशी अण्णा, अण्णा करत होते. त्या दिवशी वखारीत म्हणाले, चहा घ्या साहेब, घरात बोलून कळवतो. जिनेश गाडीपर्यंत आला. आदितीला हे पटलं होतं का, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, नाही, मी गप्प बसवलं. त्यानं मान हलवली आणि आत गेला. त्या मान हलवण्याचा अर्थ मी अजून लावतोय.

अजून निरोप नाही. फोन वाजला की मीच आधी धावतो. आदिती म्हणते, मोडलं तर मोडू दे, पण रात्री तिच्या खोलीतला दिवा चालू असतो. तिची आई माझ्याशी कामापुरतंच बोलते, तेही भांड्यांकडं बघून.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहितो. मला भीती वाटते की हे मोडलं, तर मला तुझा राग येईल. तुझा काडीचा दोष नसताना. असा विचार मनात येतो आणि मी तिथंच बसून राहतो. निपाणीला जाऊन खरं बोलून आलो म्हणून मी शहाणा झालो असं समजू नकोस. अजून मी तसाच आहे, घाबरट. फक्त आता लपायला जागा उरली नाही.

येत्या रविवारी येतोय. निपाणीचा होकार आला तरी येणार आणि नकार आला तरी येणार. डिकी मोकळी आहे, सिलिंडर परत बसवलेला नाही. पण तू गाडीत बसशीलच असं धरून मी येत नाही. तुला नको असेल तर सांग. मी उंबऱ्याबाहेरूनच परत फिरेन, एक शब्द बोलणार नाही.

आदिती बरोबर येणार आहे. तुझ्यासमोर कसं उभं राहू, असं ती चार वेळा तरी म्हणाली. आक्का, तिला आत घे. ती जे बोलली ते माझं होतं.

खाली 'तुझा धाकटा, पारिसा' असं लिहायला आज हात होत नाही, म्हणून कागदावरचं नाव लिहितो.

पार्श्वनाथ