कपाशीचे रोजे

एर्गाश अका,

धाकट्या बहिणीचा सलाम.

तुम्ही रशियाला गेल्यापासून शेत मीच बघते. संशोधन केंद्रातल्या मुहब्बत ओपा यंदा म्हणाल्या, "पहिलं पाणी उशिरा दे. मुळं ओल शोधत खोल जातील." मी ऐकलं. दुपारी रोपं माना टाकायची, तेव्हा माझाही जीव खालीवर व्हायचा. शेजारचा तुर्सुन बांधावरून ओरडायचा, "काय गं, कपाशीलाही रोजे धरायला लावलेस का?" तुम्ही फोनवर म्हणालात, "बाईच्या हाती शेत दिलं, माझंच चुकलं."

तरी पाणी मी ठरल्या वेळीच सोडलं. तुर्सुनची कपाशी माणसाएवढी वाढली, पण नुसता पाला. माझी झाडं बुटकी राहिली आणि बोंडांच्या भाराने वाकली. एवढा कापूस वडिलांच्या काळीही निघाला नव्हता. परवा तुर्सुनची बायको हळूच विचारून गेली, पहिलं पाणी नेमकं कधी द्यायचं ते.

आता तुम्ही कळवता, वसंतात येऊन शेत ताब्यात घेणार. या. पुलाव शिजवीन, मऊ गादी घालीन. शेत देणार नाही.

हे पत्र टपालात टाकत नाही. हे तुमच्या तोंडावरच सांगायचं आहे, शेतात उभं राहून.

तुमची हट्टी,
होसियत
फर्गाना