तू मागितलेलं पत्र

रायपूर,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय वनमाला,

कशी आहेस, हे विचारत नाही. काल संध्याकाळीच तुझ्या चौबे कॉलनीतल्या अंगणात होते. तुला दवाखान्यातून येऊन फार महिने झालेले नाहीत आणि बाईनं भुलाबाई बसवून कॉलनीभरच्या पोरी गोळा केलेल्या! आपण लहानपणी रेल्वे क्वार्टरात म्हणायचो ती गाणी त्यांना येत नाहीत, उत्तरं हिंदीत. आतली खिरापत ओळखा म्हणून तू झाकलेला डबा हलवलास, तर एक म्हणते, "आंटी, मॅगी है क्या?" त्यावर तू, "काहून वं पोट्टे, भुलाबाई मॅगी खाते काय?" मी शिस्तीची बाई, पण हसले.

मग गाण्याच्या मध्येच तू थांबलीस. मान पेरूच्या झाडाकडे वळली. मला कळलं. सगळ्यांसमोर, अगदी सरळ आवाजात तू विचारलंस, "पद्मे, आत्ता कोणी मले चूप बस म्हणलं का वं?" मी म्हटलं, "नाही. गा." आणि तू त्याच ओळीपासून पुढे सुरू केलंस.

मी आयुष्यभर शाळा चालवली. धीट माणसं पाहिली नाहीत असं नाही. पण माझे गुडघे दुखतात हेसुद्धा मी चारचौघांत सांगत नाही. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी ऐन परीक्षेत तुला ते आवाज पहिल्यांदा ऐकू आले, तरी तू पेपर पुरा लिहून उठलीस. पुढे लोक कुजबुजायला लागले, तेव्हा शेजारणीला कुंपणावरून तूच सांगितलंस, "मले स्किझोफ्रेनिया आहे," जशी एखादी शुगर आहे म्हणते. त्या दिवशी मला तुझा जो अभिमान वाटला, तो मी कधी बोलून दाखवला नाही. बोलायची सवय नाही. आज लिहिते.

मागचा उन्हाळा मात्र मी विसरणार नाही. गोळ्या सुटल्या, तू आतून कडी लावलीस. मी बाहेरून हाका मारत होते आणि आत तुला कोणी सांगत होतं की मी विष घालायला आले आहे. दुर्गहून पराग आला, भावानं बहिणीचं दार तोडलं, तोवर तू उपाशी पडून होतीस. आणखी उशीर झाला असता तर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

काल पोरी गेल्यावर भांडी विसळताना तू म्हणालीस, "ते तुझा आवाज काढतात वं, हुबेहूब. तुझं अक्षर नाही जमत त्यांना. मी बरी आहे तोवर लिहून दे. दार लावून बसली की खालून सरकव." म्हणून हे लिहिलं. तू हे वाचते आहेस म्हणजे दार बंद आहे आणि मी बाहेर उभी आहे. अक्षर नीट बघ. मीच आहे, वनू. आपल्याला दवाखान्यात जायचं आहे, आणि मी तिथे तुझ्याजवळच राहणार आहे. हे मी ठरवलेलं नाही. बऱ्या असलेल्या वनमालानं ठरवलं आहे, आणि तिच्याइतकी हिंमतवान बाई मी पाहिलेली नाही. तिचं ऐक. कडी काढ.

तुझीच,
पद्मिनी