चाखलेली कढी

आत्याबाई, आपण दोघी मागच्या पायरीवर बसून केळफूल सोलत होतो, त्या दुपारपासून सुरू करते. माझ्या लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. आधी हाताला तेल लावायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे माझी बोटं चिकाने काळी झाली होती. तुम्ही एकेका फुलातला कडक दांडा काढून बाजूला टाकत होतात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "कॉन्व्हेंटातली पोर. मेणबत्ती लावता येते, समई लावता येते की नाही कोण जाणे." मी घाईघाईने म्हणाले, "येते, आत्याबाई." तुम्ही हसलात. सासू हसते हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मामंजींच्या आईची तिथी होती. ओल्या सोवळ्यात मी तुमच्या शेजारी उभी आहे, कढीला उकळी येते आहे, आणि माहेरच्या सवयीने मी पळीतला थेंब तळहातावर घेऊन चाटते. तुम्ही पुढे झालात. अख्खं पातेलं उचललंत, अंगणातल्या केळीच्या बुंध्याशी ओतून आलात आणि नवीन ताक घुसळायला घेतलंत. मी रडायला लागले तेव्हा म्हणालात, "पितरांच्या आधी जीभ लावायची नाही. स्वयंपाक नाकाने करायचा." मी हुंदके देत विचारलं, "मिठाला कुठे वास असतो?" "असतो. उकळी फुटताना येतो. तुझ्या कॉन्व्हेंटातल्या मदरनी शिकवलं नाही वाटतं." पुढे पाच-सहा वर्षांत मलाही तो यायला लागला. खरंच येतो. हे मी कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही, म्हणून तुम्हालाच सांगते.

तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि मी आता अडुसष्टची आहे. तुमच्या मुलाचा डावा कान गेला, म्हणून मी उजवीकडून भांडते. माझे गुडघे जिना चढताना कुरकुरतात, पण चढतात. ओळखीच्या माणसांची नावं जिभेच्या टोकाशी येऊन थांबतात. एकदा भाजीवालीला मी चक्क शाळेतल्या सिस्टरच्या नावाने हाक मारली, आणि तिने ओ दिली. या सगळ्याची मला लाज वाटत नाही. खरी गंमत अशी की पूर्वी ज्यांना मी भीत असे, त्यांची भीती गेली. इथे तमिळ मुलखात ओरत्तनाडूच्या कचेरीत मी नोकरीला होते, तेव्हा साहेब खाकरला तरी मी खुर्चीतून उठत असे. आज कलेक्टर दारात आला तर आधी त्याला चपला काढायला सांगेन. पण नाक गेलं, आत्याबाई. आधी जाईचा वास गेला, मग हिंगाचा, आणि मग दूध उतू जाऊन करपलं तरी कळेना. लोक म्हणतात, वय झालं की असं होतं. होत असेल. डोळे गेले असते तर सगळ्यांना कळवळा आला असता. नाक गेलेल्या बाईचं कुणालाच काही वाटत नाही.

मागच्या वर्षी तुमच्या तिथीला मी कढीत दोनदा मीठ घातलं. एकदा घातलं, तेवढ्यात तुमच्या मुलाने दर्भ कुठे ठेवलेत म्हणून हाक मारली, ते देऊन परत आले आणि पुन्हा घातलं. वास येत नव्हता, आणि चाखायचं नव्हतं. पंगतीत बसलेले गुरुजी बोलत नाहीत, हे तुम्ही जाणता. त्यांनी ती कढी भातावर घेतली, डोळे मिटले, संपवली. शेवटी रीतीप्रमाणे विचारलं तेव्हा तिघांनीही "तृप्त झालो" म्हटलं, आणि थोरले गुरुजी पाठोपाठ पाच तांबे पाणी प्यायले. मग आम्ही जेवायला बसलो आणि माझ्या मुलाने पहिलाच घास ताटात परत ठेवला.

तो चेन्नईहून मुद्दाम आला होता. वाईट काही बोलला नाही. वाईट बोलला असता तर बरं झालं असतं. "अम्मा, पुरे आता. श्राद्धाचा स्वयंपाक करून देणारे लोक आहेत. सोवळ्यात करतात, पॅक करून घरपोच आणतात." मी म्हटलं, "तुझी आजी पॅक केलेलं जेवायची नाही." "आजी कुठे जेवायला येते अम्मा, प्रॅक्टिकल हो ना." मग तो मला चेन्नईला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरीण लहान मुलीसारखी दिसत होती. तिने विचारलं, आज तारीख काय? मी सांगितलं, नवमी. ती मुलाकडे बघायला लागली. शंभरातून सात सात वजा करायला सांगितले, ते मी इंग्रजीत, सिस्टर छडी घेऊन पुढे उभी असल्यासारखे, दोनपर्यंत वजा करत नेले, तेव्हा ती पुरे पुरे म्हणाली. पाच शब्द लक्षात ठेवायचे होते. चार आठवले. पाचवा आजपर्यंत आठवलेला नाही. ती म्हणाली, वयाच्या मानाने सगळं ठीक आहे. परत येताना गाडीत मुलगा म्हणाला, "तरीपण." त्या एका शब्दात त्याने सगळं ठरवून टाकलं होतं. पुढच्या तिथीला बाहेरचा स्वयंपाक, आणि त्यानंतर घराला कुलूप लावून आम्ही दोघांनी चेन्नईला जायचं.

आता एक गोष्ट लिहिते, जी तीस वर्षं लिहायची राहिली. तुम्ही स्वयंपाकघर सोडलंत ते खिरीमुळे. नवरात्रातली खीर खालून लागली, नैवेद्य दाखवता आला नाही, आणि तुमचा मुलगा म्हणाला, "आई, तुझं वय झालं आता. तू बस." तुम्ही पातेल्याकडे बघत राहिलात. म्हणालात, "असेल. मीच विसरले असेन." आत्याबाई, तुम्ही विसरला नव्हता. तुम्ही गॅस बारीक करूनच देवघरात गेला होता. मला साडेआठची बस पकडायची होती, नैवेद्य लवकर व्हावा म्हणून मी तो मोठा केला, आणि वेणी घालायला गेले. तुमचा मुलगा बोलला तेव्हा मी तिथेच उभी होते. पुढे होऊन तुमच्या हातातली पळीसुद्धा मीच घेतली, आणि अगदी गोड आवाजात म्हटलं, "बसा आत्याबाई, मी आहे ना." तुम्ही बसलात. पुढची चार वर्षं तुम्ही बाहेरच्या खोलीत बसूनच होता. आधी वाती वळत होतात, नंतर तेही राहिलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतात, "माझं डोकं चालत नाही हो आता." तुमचं डोकं चालत होतं. आम्ही ते बंद केलं.

म्हणून माझ्या मुलाने "पुरे आता" म्हटलं तेव्हा मी बसले नाही. तुम्ही न केलेली चूक कबूल करून शेगडीपुढून उठून गेलात. मी केलेली चूक कबूल करते, आणि उठत नाही. मी मुलाला फोनवर हेच सांगितलं. खिरीचं नाही, मिठाचं. "मीठ मीच दोनदा घातलं. पुन्हाही घालेन कदाचित. तरी स्वयंपाक मीच करणार, आणि कुलूप लावायचं असेल तर तुझ्या घराला लाव आणि इकडे ये."  तो म्हणाला, "अम्मा, तू आधी अशी नव्हतीस." मी म्हटलं, "नव्हते. उशीर झाला."

मागच्या आठवड्यात तुमची तिथी झाली. सोवळ्यात मी एकटीच होते. वडे तळले, खीर शेगडीसमोरून न हलता आटवली, आणि कढीला उकळी आली. मी नाक पुढे केलं. काही नाही. गरम वाफ, बस्स. मग मी पळी बुडवली, थेंब तळहातावर घेतला आणि चाटला. तुमच्या आधी. तुमच्या तिथीला, तुमच्या स्वयंपाकघरात. मीठ कमी होतं. चिमूटभर घातलं, पुन्हा चाखली. तुमचा मुलगा दारात उभा होता. त्याला ऐकू कमी येतं, पण दिसतं सगळं.

"चाखलंस की काय?"

"चाखलं."

"अगं, आई काय म्हणेल?"

"म्हणेल, या वर्षी मीठ बरोबर आहे."

तो थोडा वेळ पंच्याचं टोक पिळत उभा राहिला. कढी केळीला ओतायला सांगेल असं मला वाटलं, आणि सांगितलं असतं तर मी ऐकणार नव्हते. तो म्हणाला, "गुरुजींना सांगू नकोस," आणि पानं मांडायला गेला. थोरल्या गुरुजींनी कढी दोनदा वाढून घेतली. श्राद्धाच्या पंगतीत मागत नाहीत, त्यांनी नुसता हात पुढे केला. कावळाही आला, नेहमीसारखा वेळ न लावता. तुम्ही रागावला असाल तर तुम्हीच सांगा. मी पाप केलं असं मला वाटत नाही. नाकाने होत नसेल तर जिभेने करायचं, पण करायचं.

हे मी तुम्ही शिकवलेल्या मराठी अक्षरांत लिहिते आहे. तुम्ही सुपातल्या तांदळाच्या पिठावर माझं बोट धरून ती गिरवून घेतली होती. तुमचा मुलगा मराठी बोलतो, वाचतो तमिळ. माझ्या मुलाला तर बोलतानाही मध्येच इंग्रजी लागतं, वाचणं दूरच. या घरात ही अक्षरं वाचणारी मी एकटीच उरले, त्यामुळे हे पत्र टेबलावर उघडं पडलं तरी काही बिघडत नाही. कुणाला काय द्यायचं याची यादी मात्र मी तमिळमध्ये वेगळी लिहून कपाटात ठेवली आहे, म्हणजे आमच्या दोघांच्या नंतर गोंधळ नको. तुमच्या कुड्या माझ्या सुनेला. तिचे कान टोचलेले नाहीत, पण तिनेच जपाव्यात. पितळेची मोठी पातेली माझ्या धाकट्या बहिणीला, तिच्याकडे अजून माणसं जेवायला असतात. देवघरातली समई मुलाला, रोज लावायची अट न घालता. रेशमी सोवळी गुरुजींच्या घरी. कचेरीतलं माझं घड्याळ भाजीवालीच्या मुलीला, ती परीक्षेला बसते आहे. यांचा चष्मा, माझी काठी, औषधांचे डबे सरकारी दवाखान्यात.

राहता राहिला तुमच्या तिथीचा स्वयंपाक. तो कुणी करायचा, ते यादीत लिहिलेलं नाही. दोनदा पेन टेकवलं आणि उचललं. सून करायला तयार आहे, तिने आपणहून विचारलंही. मी तिला म्हटलं, बघू. तुम्हाला खरं सांगते, तिला जमणार नाही असं मला वाटत नाही. जमेल, याचीच भीती वाटते.