फाट्यावरचा फ्लेक्स

प्रिय विक्रमदादा,

कागदावर तुझ्याशी बोलायची माझी ही पयलीच येळ. मास्तरांनी मला निबंधात कवा पास केलं न्हाई, तवा चुका काढत बसू नगंस. तिथं मिलिटरीत पोरांची पत्रं कवायत शिकवणारे उस्ताद आधी वाचत्यात म्हणं. वाचत असाल तर उस्ताद, रामराम. आमचं पोरगं जरा हळू पळतं, पर मनानं चांगलं हाय.

हितलं सांगतो. ट्रेनिंग तुझं, पर शिक्षा आमाला. आबा कोंबड्याच्या आधी उठून माझ्या अंगावरची वाकळ वढत्यात. इक्रम आता मैदानावर आसंल म्हणत्यात, आन् तू लोळतोस व्हय. मग म्होरं शेळ्या, मागं मी, माझ्या मागं आबा शिट्टी मारत. जेवायला बसलं की घास संपायच्या आत ताट उचलत्यात, कारण रिटायर झालेल्या मारुतराव फौजींनी सांगितलंय, तिथं असंच जेवत्यात. आईनं एक दिवस ताट दोन्ही हातांनी धरून ठेवलं. म्हणली, भरती पोरगा झालाय, तुमी न्हाई. मला कारेगावला दोस्तांबरं खोली करून कंपनीत लागायचं व्हतं. आबा म्हणले, एक गेला त्यो बास. तवापासनं शेळ्या जातील तितकीच माझी दुनिया.

आन् त्यो फाट्यावरचा फ्लेक्स. तुझी गाडी हलल्यावर लावला, म्हणून तू बघितला न्हाईस. 'गावचा ढाण्या वाघ' असं लिवलंय, आन् वाघ मधी बारकासा, फोटोवाल्याचा उसना कोट घातलेला. खाली पुढाऱ्यांची तोंडं वाघाच्या दुप्पट. सरपंचांना मी कोळशानं शिंगं काढली. आबांनी मला दोन ठेवून दिल्या आन् सोताच्या टावेलानं ती पुसली. पुसता पुसता तुझ्या तोंडावरचा धुरळाबी पुसला. मग रोजचंच झालं. सांजच्याला टपरीवरचं बाकडं वढायचं, वर चढायचं, तुला पुसायचं. येणारा जाणारा म्हणतो, आबा, नशीब काढलं. आबा हसत्यात. आन् तिथनं सरळ मारुतरावांच्या दारात जाऊन इचारत्यात, तिथं पोरांना मारत्यात का हो. रोज त्योच सवाल. मारुतराव आता आबांना बघितलं की मागच्या दारानं रानात जात्यात.

मागल्या रविवारी तुझा फोन आला. आईला म्हणलास, झ्याक हाय, अंडी मिळत्यात, दूध मिळतं. मग म्हणलास, स्वराजकडं दे. आपल्या फोनला स्पीकरवर टाकल्याबिगर काय ऐकू येत न्हाई, म्हणून मी कडब्याच्या गंजीमागं पळालो. तू म्हणलास, माझ्याच्यानं व्हत न्हाई, मला घरी यायचंय, आबांना तू सांग. आन् रडाय लागलास. दादा, हिरीत पडून हात मोडला तवाबी तू रडला नव्हतास. मला पयल्यांदाच काय चेष्टा सुचली न्हाई.

त्या दिवसापासनं सांगाय बघतोय. जेवताना त्वांड उघडलं, तर आबा म्हणले, पंधरा ऑगस्टला इक्रमला शाळेत भाषणाला बोलवायचं म्हणत्यात. घास गिळला. माळावर सांगाय गेलो, तर तुला पोरगी दाखवाय पावणे आले. खुट्याभवती फिरणारी शेळी असती ना, जितकी फिरंल तितकं दावं आखूड. तसं झालं माझं. तू तिथं कोंडलास, मी हितं कोंडलो, आन् दोघांच्या मधी त्यो फ्लेक्स.

परवा कडबा काढाय गंजीच्या पल्याडच्या अंगाला गेलो. तिथं आबांचा इळा पडला व्हता, आन् अर्धी बांधलेली पेंढी. रविवारपासनं आई त्यो इळा हुडकत व्हती, आन् मीच लपवला म्हणून मला शिव्या घालत व्हती. आबा शेजारी बसून गप ऐकत व्हते. म्हंजी तू रडत व्हतास तवा आबा पल्याड बसले व्हते. सगळं ऐकलं त्यांनी, आन् मला एका शब्दानं इचारलं न्हाई.

काल फाट्यावर गेलो, तर नुसतं बांबू उभं. घरी येऊन बघतो, तर आबा फ्लेक्स शेळ्यांच्या गोठ्यावर बांधत व्हते. पुढाऱ्यांचा पट्टा दुमडून बाहीर, उन्हापावसात. तू आत, शेळ्यांकडं बघत. सरपंच भांडाय आले. आबा म्हणले, छप्पर गळतंय, का शेळ्या तुमच्या बंगल्यात बांधू. त्ये गेल्यावर आबा खाली उतरले, टावेलानं सोताचं त्वांड पुसलं, आन् मला म्हणले, इक्रमला कागद लिही, फोनवर मला बोलाय जमायचं न्हाई. जास्त लिवू नगं. इतकंच लिही, ऱ्हायलास तर ऱ्हा, निभलं न्हाई तर ये. पर आलास तर आडवाटेनं, अंधाराचं येऊ नगंस. दिवसाउजेडी ये, आन् फाट्यावरच उतर. तिथं आता काय लावलेलं न्हाई.

तुझाच,
शिंगंवाला स्वराज