बेल्मिरू घरात येईपर्यंत

१२ जानेवारी, रविवार
झोपायच्या खोलीत उत्तरेच्या भिंतीवर ओल. आकार जेवणाच्या ताटाएवढा. माझी बायको इदालिना म्हणते, ती नोव्हेंबरपासून आहे. मला आज दिसली, तेव्हा कारवाई आजपासून. ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारली. रेघेबाहेर आली की पुरावा तयार.

इदालिनाला खोकला आहे. थंडीचा असावा.

१५ जानेवारी
घरमालक बेल्मिरूला फाटकात गाठलं. हा गल्लीच्या टोकाला राहतो, चर्चच्या कमिटीत आहे, पण आम्ही राहायला आल्यापासून घरात पाऊल टाकलेलं नाही. जे काय बोलायचं ते फाटकात. आज ठणकावून सांगितलं की छपराची पन्हळ फुटली आहे, पाणी भिंतीत मुरतंय. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. लोकांना ब्रेक कधी दाबायचा ते सांगण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे ठणकावणं हा आपला धंदाच. तो म्हणाला, पाऊस असताना कौलांवर माणूस चढवता येत नाही. यात तथ्य आहे. वर त्याने परसातले दोन कोबी दिले. घेतले. समोरचा गाफील राहिला पाहिजे.

२६ जानेवारी
ओल रेघेबाहेर. नवी रेघ मारली. पहिली जरा घाईत मारली गेली होती.

३ फेब्रुवारी
आमच्या गिमाराइश गावात चक्क ऊन. लगेच बेल्मिरूकडे. म्हटलं, आता चढवा माणूस. तो म्हणाला, आता गळतंय का? म्हटलं, उन्हात कसं गळेल? तो म्हणाला, मग झालं तर.

घरी पोचेपर्यंत मला वाटत होतं की मी जिंकलो.

१० फेब्रुवारी
इदालिनाला घेऊन दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि घराला ओल आहे का विचारलं. मी म्हणालो, प्रकरण माझ्या हातात आहे. इदालिना माझ्याकडे बघत राहिली. डॉक्टरीणबाईसुद्धा. औषध लिहून दिलं आणि म्हणाल्या, घर कोरडं झाल्याशिवाय याचा उपयोग नाही. डॉक्टर लोकांना टोकाचं बोलायची सवयच असते.

१८ फेब्रुवारी
बेल्मिरूचं म्हणणं, दोष घराचा नाही, राहणाऱ्यांचा. आम्ही सूप फार उकळतो. त्याची वाफ भिंतीला लागते. सूप त्याच्याच कोबीचं होतं, हे मला घरी आल्यावर सुचलं. माझी चांगली उत्तरं सगळी घरीच सुचतात.

संकल्प: सूप बंद. खिडक्या दिवसभर उघड्या.

१९ फेब्रुवारी
खिडक्या उघड्या ठेवल्या. गादी भिजली.

३ मार्च
इदालिना मिरांदेलाला गेली, बहिणीकडे. तिकडची हवा कोरडी. भांडण वगैरे काही नाही. भिंत सुकली की कळव, एवढंच म्हणाली. सगळे स्वेटर नेले. तिकडे थंडी असते म्हणून असेल.

संध्याकाळी कामावरून आलो आणि दारातून तिला हाक मारली. सवय. मग दिवा न लावता थोडा वेळ बसलो. वाईट वाटलं.

१६ मार्च
ओल भिंतीच्या आरपार गेली. आता बैठकीच्या खोलीत, दारातून शिरल्यावर थेट समोर. सकाळी हबकलो. दुपारी लक्षात आलं की हे तर वरदान आहे.

ईस्टरला क्रूस घरोघरी येतो, तो बैठकीतच. आणि यंदा आमच्या गल्लीत क्रूस धरायचा मान कोणाला? बेल्मिरूला. क्रूस हातात घेऊन काही कोणी फाटकात उभं राहून कोबी वाटत नाही. आत यावंच लागणार. घंटा वाजवणारा, तीर्थाचं भांडं धरणारा, मागची मंडळी, सगळ्यांसमोर ही भिंत. मी एक शब्द बोलायची गरज नाही. देवासमोर माणूस काय सूप-सूप करणार?

इदालिनाला फोन करून बेत सांगितला. ती म्हणाली, "त्यापेक्षा त्याला सरळ सांग ना, बायको आजारी आहे म्हणून." तिला डावपेचातलं पहिल्यापासून कळत नाही.

३० मार्च
ओल बैठकीत जोमाने पसरते आहे. थोडी मदत म्हणून खिडक्या बंद करून सूप उकळतो. रोज दोनदा.

१३ एप्रिल, ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार
चर्चबाहेर बेल्मिरू भेटला. म्हणाला, पुढच्या रविवारी येतोच आहे तुमच्याकडे. म्हटलं, अवश्य या. हसू मोठ्या कष्टाने दाबलं.

इदालिना ईस्टरला येणार आहे. भिंत सुकली का, विचारलं तिने. म्हटलं, रविवारी निकाल लागतोय.

१९ एप्रिल, शनिवार, सकाळ
सगळी तयारी झाली. फरशी पुसली, टेबलावर स्पंज केक, पोर्ट वाइनची बाटली, चांगले पेले. दारात सडा घालायला शेजारची दोना झुल्मिरा पाकळ्यांची टोपली घेऊन आली. विधवा बाई, गल्लीतलं सगळं तिला माहीत असतं. भिंत बघून टोपली हातातच राहिली तिच्या. म्हणाली, "आणि क्रूस या भिंतीपुढे आणणार तुम्ही? बायको घरात नाही तर बघा याच्या घराची काय दशा झाली, असं म्हणतील हो लोक."

हा मुद्दा बेतात धरलेला नव्हता.

दुपार
पांढऱ्या रंगाचा एक हात दिला. पुरावा पुसायचा नाही, फक्त थोडा सभ्य करायचा.

चार वाजता
रंगातून पिवळं वर आलं. पहिल्यापेक्षा वाईट. दुसरा हात दिला. ब्रशबरोबर गिलाव्याचा पोपडाच हातात आला. आतली वीट दिसते.

संध्याकाळ
इदालिनाच्या पेटीतून तिची लग्नातली रेशमी चादर काढली आणि भिंतीवर ठोकली. क्रूसाच्या दिवशी लोक खिडक्यांतून अशा चादरी सोडतातच, मी आतून लावली इतकंच. आणि ही तात्पुरती आहे. बेल्मिरू आत आला की ओढून काढायची. परिणाम उलट जास्त होईल.

२० एप्रिल, ईस्टर
इदालिना बहीण ओतीलियाच्या गाडीतून सकाळी आली. गालांवर रंग आला आहे. चादर बघितली. कोट काढला नाही.

गल्लीतून घंटा ऐकू आली. आम्ही गुडघ्यांवर. बेल्मिरू लाल झगा घालून, क्रूस धरून उंबरठा ओलांडून आत आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला भरून आलं. क्रूसाचं चुंबन घेतलं, इदालिनाने घेतलं, ओतीलियाने घेतलं. मी उठलो. बेल्मिरूने खोलीभर नजर फिरवली आणि मागच्या मंडळींकडे वळून म्हणाला, "बघा. लोक उगाच म्हणतात माझ्या घराला ओल आहे. चर्चसारखं ठेवलंय सेन्योर आदेरितुंनी घर."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यात जास्त दोना झुल्मिराने.

माझा हात चादरीकडे गेला होता. मी खात्रीने सांगू शकतो की गेला होता. पण सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते, आणि असं बघणारी माणसं माझ्या वाट्याला फार येत नाहीत. हाताला मध्ये पोर्टची बाटली लागली. पेले भरले. म्हणालो, "सगळी इदालिनाची पुण्याई."

इदालिनाला त्याच वेळी खोकला आला. बेल्मिरू म्हणाला, "दोना इदालिना, प्रवासातली धूळ असेल." मी म्हणालो, असेल.

मंडळी गेल्यावर तिने चादरीचं एक टोक उचललं, मागे पाहिलं आणि टोक पुन्हा सोडून दिलं. आवाज चढवला नाही. म्हणाली, "त्यांच्यासमोर तुला भिंतीची लाज वाटली. मी हिवाळाभर खोकत होते, त्याची नाही वाटली?"

मी म्हणालो, हे दोन वेगळे विषय आहेत. ओतीलिया गाडी सुरू करायला बाहेर गेली.

केक अर्धा राहिला आहे.

२१ एप्रिल
बेल्मिरूला फाटकात गाठलं. आता आडपडदा नाही. सांगितलं की चादरीमागे वीट दिसते आहे. बायको आजारी आहे, हेसुद्धा सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काल तर कोरडी होती हो. मी पाहिली, मंडळींनी पाहिली. क्रूसासमोर तुम्ही खोटं वागला असाल असं मी कसं म्हणू?"

याला उत्तर आहे. अजून सुचलेलं नाही.

तीन कोबी दिले.

२२ एप्रिल, मंगळवार
मिरांदेलाला फोन केला. इदालिना बराच वेळ बोलली. ओतीलियाच्या परसातल्या बदामाबद्दल, बाजारात मिळालेल्या सॉसेजबद्दल. मी कान देऊन ऐकत होतो. एकदाही खोकली नाही.

घरी कधी येतेस, विचारलं. ती म्हणाली, "तू ये इकडे. इथे कोरडं आहे. गाडी चालवायला इथेही लोक शिकतात."

मी समजावून सांगितलं की इतक्या नाजूक टप्प्यावर घर सोडणं म्हणजे हार.

"कुणाची?" तिने विचारलं.

म्हटलं, विचार करून सांगतो. तिने थोडी वाट पाहिली, मग फोन ठेवला.